बंडीवाले वकील

देवानंद शहारे यांनी काळ्या कोटाचे खालचे बटण लावून पाहिले. ते काजात शिरेना, तेव्हा सोडून दिले. कोट अकरा वर्षे कपाटात होता आणि त्या अकरा वर्षांत पोट त्याच्यापुढे निघून गेले होते. गळ्याची पांढरी पट्टी मात्र नवी होती. बारच्या खोलीतल्या आरशासमोर ती बांधताना हात दोनदा चुकला. मागच्या बाकावर तीन तरुण वकील मोबाइल पाहत बसले होते. त्यांनी उठून जागा दिली, "बसा साहेब" म्हणाले, आणि मग यांच्याशी बोलावे काय हे न सुचल्यासारखे एकेक करून बाहेर निघून गेले.

व्हरांड्यात धनवंताबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. शेजारी तिचा मुलगा रूपेश उभा होता, तिशीचा, अंगाने बापासारखाच काटक. चिचगडच्या पलीकडल्या बोरटोल्याहून दोघे सकाळच्या पहिल्या काळीपिवळी जीपने देवरीला आले होते. तीन दिवसांपूर्वी रूपेश गोठ्याच्या छपरासाठी बैलबंडीत लाकडाच्या सहा बल्ल्या घालून आणत होता. वाटेत वनरक्षकांनी अडवले. बल्ल्यांसकट बंडी जप्त झाली आणि बंडीसोबत बैलही. बैल आता वनखात्याच्या डेपोत बांधलेले होते, आणि बोरटोल्यात सगळ्यांच्या भाताच्या बांध्यांत चिखलणी सुरू झाली होती.

"आज सुटन का जी?" धनवंताबाईने विचारले.

"चार वाजेपर्यंत होऊन जाईल, वहिनी."

वाक्य सहज निघून गेले, आणि निघून गेल्यावर देवानंदांना बरे वाटले. कितीतरी वर्षांत त्यांनी कुणाला अशी वेळ सांगितली नव्हती. दिल्लीत दहा वर्षे ते लोकांना 'पाहतो' म्हणत होते, 'वर बोललोय' म्हणत होते, 'पत्र दिलंय' म्हणत होते. पत्रे खरोखरच दिलेली असत. सालेकशाला एका गाडीचा थांबा मिळावा म्हणून त्यांनी एकट्याने एकतीस पत्रे दिली होती. गाडी अजूनही सालेकशाहून धडधडत पुढे निघून जात होती.

बंडी सोडवणे ही गोष्ट वेगळी होती. ती त्यांच्या हाताला पाठ होती.

बत्तीस वर्षांपूर्वी, विड्या वळणाऱ्या आईने शिकवलेला हा मुलगा नागपूरहून वकिलीची सनद घेऊन आला, तेव्हा कोर्टासमोरच्या कडुलिंबाखाली टेबल टाकून बसायचा आणि दिवसभरात त्याच्या टेबलाशी सावलीखेरीज कुणी थांबायचे नाही. पहिला पक्षकार आला तो चैतराम सलामे, धनवंताबाईचा नवरा. त्याची बंडी अशीच धरली होती. इतर वकील म्हणाले होते, खटला संपेपर्यंत बैल मिळायचे नाहीत, विसरून जा. देवानंदने रात्री पुस्तक वाचले, सकाळी एक पानी अर्ज लिहिला आणि न्यायाधीशांसमोर एवढेच म्हणाला की, बैल हा पुरावा असेल तर तो खातो काय आणि त्याला वैरण घालतो कोण, याचेही उत्तर सरकारने द्यावे. न्यायाधीश हसले. दुपारी सुपूर्दनामा झाला, म्हणजे बोलावले की हजर करीन असे लिहून देऊन चैतरामला आपले बैल परत नेता आले. संध्याकाळची एसटी चुकली म्हणून देवानंद त्याच बंडीत बसून बोरटोल्याला गेला. कोंबडे कापले गेले. तो बौद्ध घरचा आणि ते गोंड, तरी चैतरामने त्याला आपल्या शेजारी बसवून जेवू घातले आणि गावभर सांगितले, हा आपला माणूस.

त्यानंतर बंड्याच बंड्या. चिचगड, सालेकसा, पार दरेकशाच्या जंगलापर्यंतच्या. लोक त्यांना नावाने ओळखेनासे झाले, 'बंडीवाले वकील' म्हणू लागले. त्या नावावरच ते जिल्हा परिषदेत गेले आणि त्या नावावरच पक्षाने त्यांना दिल्लीचे तिकीट दिले. पहिल्या निवडणुकीचा अर्ज भरायला ते बंडीतून गेले होते आणि त्यांच्यामागे दोनशे बंड्या होत्या. दुसऱ्यांदा गाड्यांचा ताफा होता. तिसऱ्यांदा तिकीटच आले नाही. कुणी कारण सांगितले नाही, त्यांनीही विचारले नाही. दिल्लीचा फ्लॅट रिकामा करताना त्यांच्या लक्षात आले की, दहा वर्षांत भिंतीला त्यांनी एक खिळाही ठोकलेला नव्हता.

गेल्या वर्षभरात ते कोर्टात फिरकले नव्हते. परवा धनवंताबाई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, बंडी धरली. देवानंदांनी काही न विचारता कपाटातला कोट काढला.

अर्ज त्यांनी हातानेच लिहिला, वीस मिनिटांत, एकही शब्द न खोडता. तो दाखल करून ते व्हरांड्यात आले, तेवढ्यात सरकारी वकील चेतना कटरे जिन्यावरून उतरताना दिसल्या. देवानंद दिल्लीला गेले त्याच्या आधीचे वर्षभर चेतना त्यांच्याकडे ज्युनिअर होती. तेव्हा सायकलवर यायची आणि प्रत्येक तारखेला फायलीचा दोरा सोडून पुन्हा बांधायची.

"सर, जरा दोन मिनिटं बोलायचं होतं."

"बोल ना. विरोध करून राहिलीस का माझ्या अर्जाला?"

चेतना हसली नाही. ती त्यांना व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेली. तिथे जुन्या कपाटांची रांग होती आणि माणसांची ये-जा कमी होती.

"सर, हा अर्ज इथं चालत नाही आता. कलम बदललं. जप्त गाडी सोडायचा अधिकार कोर्टाला राहिला नाही. फक्त वनखात्याचा प्राधिकृत अधिकारी सोडू शकतो. त्याच्यावर अपील आहे, पण ते त्याच्याच वरच्या अधिकाऱ्याकडं."

"कधी बदललं?"

चेतनाने फाईल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पाच वर्षं झाली असतील," ती म्हणाली आणि मैदानाकडे पाहू लागली.

फाईल हलली तसा आतला एक कागद अर्धा बाहेर आला. संसदेच्या कामकाजाचा छापील कागद होता, घड्या पडून मऊ झालेला. वरच्या ओळीत तारीख होती आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत: श्री देवानंद शहारे. चेतनाने तो अंगठ्याने आत सारला, पण तोवर त्यांनी वाचला होता.

पाच वर्षे. देवानंदांनी चष्मा काढला आणि पट्टीच्या टोकाने पुसला. सभागृह त्यांना आठवले. समोरच्या बाजूला फलक, घोषणा, मधल्या जागेत उतरलेले सदस्य. त्या दुपारी एकामागोमाग एक चार विधेयके मंजूर झाली होती. सकाळी पक्षाच्या प्रतोदांच्या कार्यालयातून फोन आला होता, आपका ज़िला जंगलवाला है, चार मिनट बोलिए. चार वर्षे ते बोलायला वेळ मागत होते आणि अखेर तो मिळाला होता. भाषण टाइप होऊन आले होते. गरीब वनवासी को कचहरी और वकीलों के चक्कर से मुक्ति, असे त्यात होते. प्रकरण अधिकाऱ्याकडेच झटपट निकालात निघेल, असेही होते. कलम त्यांनी चाळले होते. अधिकाऱ्यालाही अधिकार मिळतो आहे, कोर्ट तर आहेच, असा त्यांनी अर्थ लावला. 'ही' आणि 'च' यांतला फरक ज्यांनी आयुष्यभर कोर्टात पाडून दाखवला, त्यांनी त्या दिवशी तो पाहिला नाही. पाहायला वेळ नव्हता असे नाही. वेळ होता. ते आपले भाषण पाठ करत होते.

आणि एक ओळ त्यांनी स्वतःची घातली होती.

"तू हे कोर्टात वाचतेस?" त्यांनी विचारले.

"दोनदा वाचलंय सर. दुसऱ्या प्रकरणांत. पक्षकाराचे वकील म्हणत होते, संसदेचा असा हेतू नव्हता. तेव्हा…" ती थांबली. "आज नाही वाचणार. सर, तुम्ही अर्ज फक्त मागं घ्या. 'योग्य ठिकाणी दाद मागण्याची मुभा ठेवून' एवढंच म्हणा. मी हरकत घेणार नाही. एका मिनिटात होईल. कुणाला काही कळायचंही नाही."

"मी तुला काय शिकवलं होतं, चेतना? आपल्या विरोधात जाणारा कागद सापडला तर काय करायचं?"

"सर, तो वेगळा विषय."

"काय करायचं?"

"आपणच आधी दाखवायचा," ती हळू आवाजात म्हणाली. आणि मग घाईने, "पण हा कागद निकालाचा नाही सर. हे तुमचं भाषण आहे."

देवानंदांनी हात पुढे केला. मग चेतनाने फाईल उघडली.

ते परत आले तेव्हा धनवंताबाईजवळ भैयालाल उभा होता. पक्षाचा तालुक्याचा अध्यक्ष. देवानंदांच्या दोन्ही निवडणुका त्यानेच पायाला भिंगरी लावून फिरून काढल्या होत्या. पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोन मोबाइल होते आणि दोन्ही अधूनमधून थरथरत होते.

"साहेब, ये क्या सुन रहा हूँ? तुमी कोट घालून उभे?" त्याने देवानंदांना बाजूला घेतले. "नागपूरवाल्यांचा फोन होता रात्री. महामंडळाच्या अध्यक्षाचं नाव फायनल होऊन राहिलं. तुमचंच आहे. पंधरा दिवस गप्प घरी बसा म्हणते. आता वनखात्याच्या विरोधात केस कायले घेता?"

"विरोधात नाही. बैल सोडवायचे आहेत."

"मी साहेबाला फोन लावतो ना डेपोच्या. सोडून देईल."

"लाव मग."

भैयालालने फोन काढला नाही. तो जमिनीकडे पाहून म्हणाला, "आता नाही सोडत ते फोनवर. पहले की बात और थी." आणि थोड्या वेळाने, "पेपरवाला पोरगा बसला आहे आत. काही उलटंपालटं बोलू नका, बस. पंधरा दिवस."

देवानंदांनी मान हलवली. कशाला हलवली, ते भैयालालला कळले नाही.

पुकारा झाला तेव्हा साडेबारा वाजले होते. न्यायाधीश तरुण होते, कोल्हापूरकडचे, इथे येऊन वर्ष झाले असेल. माजी खासदार उभे आहेत म्हणून त्यांनी खुर्चीत किंचित सरसावून बसत नमस्कार केला. अर्ज वाचला. एक पान उलटून मागे काही आहे का ते पाहिले.

"वकीलसाहेब, अर्ज चालण्याबद्दलच अडचण दिसते. सुधारित कलम आपल्या पाहण्यात आलं असेल."

"आलं आहे, सर. आजच."

चेतना आपल्या टेबलाशी उभी होती. देवानंदांना अर्ज मागे घेण्याचे वाक्य येत होते. ओठांवर होते. मागे रूपेश दाराला टेकून उभा होता आणि न्यायाधीशांच्या तोंडाकडे पाहत होता, पाऊस येतो की नाही म्हणून ढगाकडे पाहावे तसा.

"कलमाचा हेतू काय होता, हे दाखवायला सरकारतर्फे या कोर्टात दोनदा एक भाषण वाचलं गेलं आहे," देवानंद म्हणाले. "आज सरकारी वकील ते वाचत नाहीत. मी वाचतो."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. हिंदी होते, ते हिंदीतच वाचले. सभागृहात ज्या आवाजात वाचले होते तो आवाज आता राहिला नव्हता. मुक्ती, चक्कर, झटपट हे शब्द एकेक करून येऊन गेले. मग ते त्यांच्या स्वतःच्या ओळीपाशी आले.

"'अध्यक्ष जी, मैंने अपनी वकालत में सैकड़ों बैलगाड़ियाँ छुड़वाई हैं. मैं जानता हूँ कि ग़रीब आदमी कचहरी में कितना पिसता है. इसलिए मैं इस विधेयक का समर्थन करता हूँ.'" ते थांबले. "इथं कंसात लिहिलं आहे, मेज़ें थपथपाई गईं."

त्यांनी कागद घडी करून समोर ठेवला.

"हे बोलणारा सदस्य मीच, सर. कोर्टाला मी एवढंच सांगू इच्छितो की, ज्याच्या भाषणावरून हेतू काढला जातो, त्यानं ते कलम नीट वाचलेलं नव्हतं. कोर्टाचा अधिकार जातो आहे हे त्याला कळलं नव्हतं. समजून घेणं त्याचं काम होतं. त्यानं केलं नाही."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवले. "यातून आपला कायदेशीर मुद्दा नेमका कोणता?"

"मुद्दा नाही, सर. शब्द जे आहेत ते आहेत. कोर्ट त्याबाहेर जाऊ शकत नाही, हे मला कळतं. ही फक्त माहिती."

"नोंद घ्यायची?"

मागे बाक सरकल्याचा आवाज आला. भैयालाल बाहेर जात होता. दोन्ही मोबाइल त्याच्या हातात होते.

"घ्या," देवानंद म्हणाले.

आदेश तीन ओळींचा झाला. अर्ज चालण्यास पात्र नाही, नामंजूर. प्राधिकृत अधिकाऱ्याकडे दाद मागावी. आदेश सांगताना न्यायाधीशांनी देवानंदांकडे पाहिले नाही, आणि त्यात अनादर नव्हता हे देवानंदांना समजले. चेतनाने तिचा कागद परत मागितला नाही. त्यांनीच तो तिच्या टेबलावर ठेवला. "लागेल तुला," म्हणाले.

बाहेर आल्यावर रूपेशने विचारले, "झालं का जी?"

"नाही झालं. डेपोवर जावं लागेल. अर्ज तिथं द्यायचा."

"मंग इथं काऊन आलो?"

ते म्हणाले, "चला, आधी जाऊ." भैयालाल गाडीपाशी फोनवर बोलत होता, हिंदीत, त्यांच्याकडे पाठ फिरवून. एरवी त्याने दार उघडून दिले असते. देवानंद ऑटोत बसले. धनवंताबाईने पायाशी ठेवलेली गवताची पेंढी उचलून मांडीवर घेतली आणि ऑटो निघाली. ती पेंढी तिने बोरटोल्याहून आणली होती. गवताचा ओला वास ऑटोत भरून राहिला.

डेपो गावाबाहेर होता. फाटकातून आत लाकडांचे थर रचलेले, त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने आकडे घातलेले. पलीकडे पत्र्याच्या शेडखाली चार-पाच बंड्या आणि दोन ट्रॅक्टर उभे होते. रूपेशचे बैल मोहाच्या एका झाडाला बांधले होते. माणसे दिसताच त्यांतल्या एकाने मान वर केली. धनवंताबाई कुणाला न विचारता सरळ तिकडे गेली, पेंढी सोडली आणि दोघांपुढे सारखी सारखी टाकली.

कार्यालयाच्या दारातल्या कारकुनाने देवानंदांना ओळखले. तो उठून उभा राहिला, नमस्कार केला आणि मग दोन्ही हात तसेच जोडलेले ठेवून म्हणाला, "सर, एक अडचण आहे. सुनावणीला वकील चालत नाही. अर्जदार एकटाच. कायद्यातच आहे तसं."

"माहीत आहे," देवानंद म्हणाले. त्यांना माहीत नव्हते. पण आज त्यांना त्याचे आश्चर्य वाटले नाही.

"तुम्ही माजी खासदार म्हणून आले असाल तर साहेबांना सांगतो. चहा घ्या, बसा आतमधी. पण प्रकरणाबद्दल…"

"नको. मी वकील म्हणून आलोय."

दाराबाहेर एक लाकडी बाक होता. त्यावर बसून त्यांनी रूपेशला सगळे विचारून घेतले आणि मांडीवर फाईल ठेवून दुसरा अर्ज लिहिला. सकाळचा अर्ज कोर्टाच्या भाषेतला होता. हा त्यांनी रूपेश बोलला तसाच लिहिला: गोठ्याचे छप्पर गेले आहे, बल्ल्या त्याच्यासाठी होत्या, परवाना काढायचा असतो हे ठाऊक होते पण पाऊस जवळ आला म्हणून काढला नाही, चूक झाली, दंड करा पण बैल द्या, रोवण्याचे दिवस आहेत. त्यांनी तो रूपेशला वाचून दाखवला.

"चूक झाली लिहाचं का?" रूपेशने विचारले.

"झाली ना?"

"झाली."

"मग लिहू दे. साहेबासमोर हेच सांग. घाबरू नको. मधात थांबवलं तर थांब आणि विचारलं तेवढ्याचंच उत्तर दे."

रूपेशने सही केली आणि तो आत गेला. दार बंद झाले. देवानंद बाकावर बसून राहिले. बत्तीस वर्षांत पक्षकार आत आणि आपण बाहेर, असे कधी झाले नव्हते. आतून आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा त्यांना वाटले रूपेश जास्त बोलतो आहे. ते अर्धवट उठले, आणि पुन्हा बसले.

धनवंताबाई बैलांना पाणी दाखवून आली आणि पदराने हात पुसत बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली.

"यायच्या पोटात खड्डा पडला जी," ती म्हणाली. "टाकतेत चारा, पन कोनाच्या हातचा खात नाईत हे."

देवानंदांनी गळ्याची पट्टी सोडली, घडी घातली आणि खिशात ठेवली.

"वहिनी, तुम्हाला एक सांगायचं आहे. हा कायदा झाला, ज्याच्यामुळं कोर्टातून बैल सुटत नाहीत, तो झाला तेव्हा मी दिल्लीत तिथंच होतो. मी त्याच्या बाजूनं बोललो होतो."

"माईत हाये."

त्यांना वाटले तिने ऐकले नाही. "आज कोर्टात वाचलं ते रूपेशनं सांगितलं का?"

"नाई जी. तवापासूनच माईत हाये. मोबाइलवर आलता ना तुमचा बोलना. समद्या टोल्यानं पायला." ती मोहाच्या झाडाकडे पाहत बोलत होती. "हे होते तवा. यायले हिंदी कुठं येते एवढी. बैलगाडी, बैलगाडी आयकलं अन् उठूनच उभे झाले. मने, पाय वं, वकीलसायेब दिल्लीत आपल्याच बंडीचं सांगून राहिले. चार घरी दाखवून आले."

चैतराम तीन वर्षांपूर्वी गेला तेव्हा ते दिल्लीत होते. शोकपत्र पाठवले होते. ते कार्यालयात टाइप झाले होते.

"कळलं नाही त्याला कधी?"

"कळलं ना. दुसऱ्या साली आमच्या देराची बंडी धरली. तवा गोंदियाच्या वकिलानं सांगतलन, तुमच्याच सायेबानं केलेला कायदा होय म्हनून." तिने पायावरची मुंगी झटकली. "मंग नाई दाखवला कोनाले."

"राग आला असेल."

"आला." तिने ते तसेच सांगितले, वेळ विचारल्यावर सांगावी तसे.

आत खुर्ची सरकली. दोघांनी दाराकडे पाहिले. दार उघडले नाही.

"मग माझ्याकडं कायले आले, वहिनी? दुसरे वकील होते."

तिला प्रश्नच कळला नसावा, अशी ती त्यांच्याकडे वळली.

"तुमीच बोलले ना तिथं. मंग तुमालेच माईत असन का आता सोडवाचं कसं."

तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. देवानंदांनी तो शोधून पाहिला. सापडला असता तर त्यांना सोपे गेले असते.

दार उघडून रूपेश बाहेर आला. कपाळाला घाम होता. त्याने हातातला पोचेचा कागद आधी आईला दाखवला, मग देवानंदांना दिला.

"बरोबर बोललो जी. चूक झाली तेबी सांगतलो. सायेब चांगला हाये. पन पंचनामा पायल्याशिवाय सोडता येत नाई मने. एकवीस तारीख देल्ली."

एकवीसला अजून सतरा दिवस होते. देवानंदांनी पोच वाचली, शिक्का पाहिला, तारीख पाहिली. अपिलाचे कलम खाली छापलेले होते. ते त्यांनी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचले, आणि मग पुन्हा एकदा वाचले.

"रोवना तं होऊन जाईन तवापर्यंत," रूपेश म्हणाला. "मोठ्या काकाचे बैल रिकामे झाले का मंग आपली बांधी."

धनवंताबाई उठली. तिने बैलांकडे एकदा पाहिले, रिकाम्या पेंढीचा दोर गुंडाळून कमरेला खोचला आणि फाटकाकडे निघाली. चार पावले जाऊन थांबली.

"एकवीसले येजा जी, वकीलसायेब."

"वहिनी, मला आत जाऊ देत नाहीत."

"तं बाहेर बसजा," ती म्हणाली.